पितळ उघडं पडलं

जुनं पिस्तूल हातात आलं की बहुतेक जण आधी नळीत डोकावतात, मग घोडा मागे ओढून खटका ऐकतात. मी स्क्रू बघतो. ज्या स्क्रूला शंभर-दीडशे वर्षांत कुणी हात लावलेला नाही त्याची खाच अरुंद असते, कडा सरळ असतात आणि आत काळा मळ टणक होऊन बसलेला असतो. आडमाप स्क्रू ड्रायव्हर घालून पिळलेल्या स्क्रूच्या कडा बाहेर लोळलेल्या असतात. दिसायला वाईट, पण त्यात लपवाछपवी काही नसते. तिसरा प्रकार मला नको असतो: खाचेच्या कडा नुकत्याच कानशीने सरळ केलेल्या, आत लखलखीत धातू आणि वरून डोकं तेवढं काळं केलेलं. म्हणजे कुणीतरी अलीकडेच ते उघडलंय, आणि उघडलंय हे दुसऱ्याला कळू नये अशी त्याची इच्छा आहे.

लिलावातून घरी आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पिस्तुलाचे दोन्ही स्क्रू या तिसऱ्या प्रकारचे निघाले.

पिस्तूल म्हणजे आपल्याकडे ज्याला ठासणीचं म्हणतात तसलं. नळीच्या तोंडातून दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं. नळीच्या मागच्या टोकाला एक छोटी बोंडी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की तिच्यातला मसाला पेटतो आणि जाळ आतल्या दारूपर्यंत जातो. कंपनीच्या फौजांत ठिणगी पाडणाऱ्या गारगोटीच्या जागी ही टोपी आली ती १८४० च्या सुमारास. माझं पिस्तूल घोडेस्वाराचं आहे. नळी जेमतेम नऊ इंच, पण तोंड एवढं रुंद की करंगळी सहज आत जाईल. लाकूड अक्रोडाचं, मुठीला पितळेचं जड बूड. नळीवर नेम धरायची माशी नाही. ज्या अंतरावरून हे उडवायचे तिथे नेमाचा प्रश्नच नव्हता. मला सगळ्यात आवडतो तो गज. नळीच्या तोंडाशी कडीने जखडलेला आहे. बाहेर येतो, गर्रकन फिरतो, नळीत शिरतो, पण सुटून पडत नाही. पळत्या घोड्यावर गज हातातून निसटला तर स्वाराच्या हातात नुसतं दांडकं उरणार, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

लॉकच्या, म्हणजे घोडा आणि खटका चालवणाऱ्या यंत्रणेच्या, लोखंडी पट्टीवर उभा सिंह आहे, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. १८०८ पर्यंत कंपनी त्या जागी आपलं व्यापारी चिन्ह ठोकत असे: पत्त्यांतल्या बदामाचा आकार, त्याचे चार भाग आणि त्यांत कंपनीची आद्याक्षरं. मालाच्या गठ्ठ्यांवर जो शिक्का तोच बंदुकांवर. मला विचाराल तर त्या सिंहापेक्षा तो बदाम जास्त खरं बोलत होता. सिंहाच्या मागे, पट्टीच्या शेपटाकडे, साल कोरलंय. १८४४.

आता मी कोल्हापूरचा. १८४४ म्हटलं की आमच्याकडे एकच गोष्ट आठवते, गडकऱ्यांचं बंड. सामानगड, भुदरगड, पन्हाळा. पिढ्यान्‌पिढ्या किल्ले सांभाळणाऱ्या गडकऱ्यांच्या जमिनी आणि हक्कांवर नव्या कारभाराने हात घातला, तेव्हा त्यांनी गडांचे दरवाजे लावून घेतले. कंपनीच्या पलटणी आल्या, तोफा लागल्या, वर्ष संपता संपता पन्हाळा पडला. कॅटलॉगमधला तो आकडा बघून मी खुर्चीत ताठ बसलो, हे सांगायला नकोच. पण साल लॉक तयार झाल्याचं असतं. पट्टी कोरली जाणार, पिस्तूल जुळणार, तपासणी होणार, पेटीत भरून आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जहाज मुंबईला लागणार. तोवर पन्हाळ्यावरचं सगळं आटोपलेलं. हे गणित बोली लावण्याआधीच मी मनात मांडलं होतं, आणि तरीही बोली लावली. ‘पन्हाळ्याचं पिस्तूल’ म्हणून ते कुणाला दाखवायचं नाही, एवढं मात्र तेव्हाच ठरवलं. जुन्या हत्यारांच्या बाजारात लाकडाच्या भेगा लुकणाने बुजवतात आणि इतिहासातल्या भेगा गोष्टींनी. दुसरा उद्योग जास्त चालतो, कारण त्याला सामान लागत नाही.

राहतो बर्मिंगहॅमजवळ. या छंदाला यापेक्षा सोयीचं गाव नाही. शहराच्या मध्याजवळच्या एका भागाला अजूनही गन क्वार्टर म्हणतात. एकेकाळी तिथल्या गल्ल्यांत नळ्या वळणारे वेगळे, लाकूड कोरणारे वेगळे, स्क्रू करणारे वेगळे, सगळं जुळवणारे वेगळे, आणि एकाकडून दुसऱ्याकडे माल घेऊन पळणारी पोरं. लॉक घासणारे कारागीर बाहेर, डार्लस्टन आणि वेन्सबरीकडे. कंपनीच्या बऱ्याच हत्यारांचे सुटे भाग या पट्ट्यात बनून लंडनच्या बंदूकवाल्यांकडे जुळणीला जायचे. १८१३ च्या कायद्याने इथे प्रूफ हाऊस उभं राहिलं. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून बघायची, फाटली नाही तर ठसा मारायचा. ते आजही चालू आहे. न्यू स्ट्रीट स्टेशनाबाहेरच्या रेल्वे जंक्शनला नावच प्रूफ हाऊस जंक्शन. गाडी तिथे हमखास रेंगाळते आणि डब्यातले लोक वैतागतात. मी वैतागत नाही.

कायद्याचं म्हणाल तर इथे १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टमध्ये अशा हत्यारांना सवलत आहे. शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून घरात ठेवलं तर परवाना लागत नाही. उडवायची इच्छा झाली की लागतो. मला ती इच्छा नाही. भारतात नेण्याचा विचारही नाही, विमानतळावरच्या संभाषणाची कल्पना करूनच घाम फुटतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, “खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहू नकोस म्हणजे झालं. कंपनी सरकारचं आहे ते.” बायकोने त्या दिवशी पाने, ड्रिल मशीन आणि दोघांचे लॅपटॉप मांडले, त्यांच्या शेजारी तेही ठेवलं. फूल वाहिलं, कुंकू नाही. तडजोड.

पण हे नंतरचं. आधी कॅटलॉग.

लिलावाच्या कॅटलॉगची एक वेगळीच भाषा असते आणि ती शिकायला पैसे मोजावे लागतात. ‘वयाला साजेशी झीज’ म्हणजे काहीही. ‘लाकडाला किरकोळ टोचे’ म्हणजे टोचे मोठे आहेत. ‘जसं आहे तसं’ म्हणजे नंतर तोंड उघडू नका. माझ्या पिस्तुलाबद्दल लिहिलं होतं की दस्ता, म्हणजे लाकडी भाग, चांगला आहे, रंग सुरेख मुरलेला आहे. फोटो स्वच्छ होते. लॉकच्या बाजूचे चार, नळीवरच्या ठशांचे दोन, डाव्या बाजूचा एकच आणि तोही तिरक्या उजेडातला. स्थितीचा अहवाल मागवला, त्यात तीच वाक्यं क्रम बदलून आली. हातोडा ७२० पौंडांवर पडला. लिलावगृहाचं वरचं प्रीमियम आणि त्यावरचा व्हॅट धरून ९३६.

घरी आल्यावर पहिलं काम एकच, मग पिस्तूल सोळाव्या शतकातलं असो की एकोणिसाव्या. एक वेगळा, सुटा गज नळीत पूर्ण आत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा की आतलं टोक कुठवर पोहोचलं. बोंडीच्या अलीकडे दोन बोटं थांबला तर आत काहीतरी आहे. भरून ठेवलेली आणि मग विसरलेली ठासणीची हत्यारं भिंतींवरून आणि माळ्यांवरून अजूनही निघतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू म्हातारी होत नाही. तसा संशय आला तर आपण काड्या न करता जाणकाराकडे जायचं. माझं रिकामं होतं.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरला, दिवा खाली ओढला आणि स्क्रूंकडे बघितलं. पुढचं काय ते तिथेच कळायला लागलं.

लॉक काढायची एक रीत आहे. घोडा अर्ध्या खटक्यावर घ्यायचा. डाव्या बाजूचे दोन स्क्रू काढून टाकायचे नाहीत, काही आटे सैल करायचे आणि त्यांच्या डोक्यांवर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. स्क्रू आत सरकतात आणि लॉकला सरळ बाहेर ढकलतात. पट्टीच्या फटीत काही घालून उचकटायला गेलं तर लाकडाची कड उडते. माझं लॉक अर्धवट बाहेर आलं आणि अडलं. पुन्हा ठोकलं. एक बारीक ‘टक्’ आवाज झाला आणि टॉवेलवर खपली पडली, नखाएवढी. रंग अक्रोडाचा, पण मोडलेल्या कडेला तंतू नाहीत. लाकडाला तंतू असतात. नखाने दाबली तर ती चिरडली नाही, तिची भुकटीही झाली नाही, नुसती वाकली.

घरातले दिवे घालवले आणि अतिनील टॉर्च लावला. ज्यांना जुन्या वस्तू घ्यायच्या आहेत त्यांनी दुसरं काही घेऊ नये, आधी हा टॉर्च घ्यावा. त्या उजेडात जुनं लाखेचं पॉलिश नारिंगी दिसतं, जुनं लाकूड मळकट आणि मंद, आणि आजकालचे बहुतेक डिंक आणि रेझिन निळसर-पांढरे चमकतात. दस्त्याची मान, म्हणजे मूठ जिथे बारीक होऊन नळीच्या भागाला मिळते ती जागा, डाव्या बाजूने नारिंगी होती. तिच्यावरून एक निळी-पांढरी रेघ तिरकी उतरत गेलेली, लॉकच्या खोबणीच्या मागच्या कोपऱ्यातून थेट चापाच्या कड्यापर्यंत. काही ठिकाणी केसाएवढी, काही ठिकाणी करंगळीएवढी रुंद. दिवा लावला की तिथे काहीच नाही. वरून रंगीत मेण इतक्या सफाईने घासलं होतं, लाकडाच्या रेषाही ब्रशने ओढल्या होत्या, की मनातल्या मनात दाद दिली. दिली, खोटं कशाला बोलू.

पिस्तुलं इथेच का मोडतात हे आतून बघितल्यावर समजतं. मान आधीच बारीक. तिच्यातच एका बाजूने लॉकसाठी खोबण, वरून नळीच्या शेपटासाठी चर, खालून चापासाठी खाच. पोखरून पोखरून जे उरतं त्याच्यावर प्रत्येक बाराचा धक्का. शिवाय स्वार पडतो, घोडा पडतो, आणि बार काढून झालेलं पिस्तूल उलटं धरून समोरच्याच्या डोक्यात घालायलाही वापरतात. ते पितळी बूड काही नुसत्या शोभेसाठी जड नव्हतं. मान मोडलेली नसेल तर ते पिस्तूल कोठीतच पडून राहिलं असं समजावं.

नळी उचलल्यावर दुसरी गंमत. बोंडीच्या बुडाशी लोखंड नुसतं खाल्लेलं. टोप्यांच्या मसाल्यात पाऱ्याचं फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असायचं. क्लोरेट जळालं की मागे पोटॅशियम क्लोराईड राहतं, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. तेलाने पुसून ते जात नाही, पाण्यानेच धुवावं लागतं. नाहीतर हवेतला ओलावा ओढून घेतं आणि धातू पोखरत राहतं. महाराष्ट्रातला किंवा बंगालचा एक पावसाळा त्याला पुष्कळ. असे खड्डे बघून मला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं: हे उडालेलं आहे. पण इथे खड्डे दिसतच नव्हते. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तेव्हा तो तपकिरी झाला आणि खालून राखाडी लुकण उघडं पडलं, धातूची पूड मिसळलेलं. वापरलेल्या गाडीचा पोचा बुजवून वर रंग मारतात, अगदी तेच.

एव्हाना रात्र बरीच झाली होती आणि मी पुरता चिडलो होतो. चापाचं कडं काढलं ते त्या चिडीतच.

कड्याच्या खाली पितळेची पट्टी होती. लांबी माझ्या करंगळीएवढी, जाडी फार नाही. लाकडात तेवढीच खाच कोरून ती अशी बसवलेली की कडं वर बसल्यावर हाताला काहीही लागू नये. तांब्याचे चार रिवेट, डोकी कानशीने सपाट केलेली. कानशीच्या रेघा अजून दिसत होत्या, सगळ्या एका दिशेच्या. पितळ जवळजवळ काळं पडलेलं, कडेला हिरवट मेणचट थर. आणि मधोमध, ठोक्याने बारीक टिंबं टिंबं पाडून काढलेला देवनागरी आकडा. सत्तावीस. ‘२’ ची शेपटी आणि ‘७’ ची कमान बघून वाटलं, हा अजून माझ्या शाळेच्या पाटीवरचाच आकडा आहे.

कंपनीच्या कोठीत देवनागरी आकडे टोचायचं कारण नव्हतं. म्हणजे हे पिस्तूल पुढे कुठल्यातरी संस्थानाच्या किंवा सरदाराच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, गेलं होतं. १८५८ मध्ये कंपनीच्या फौजा राणीकडे गेल्या, नवी हत्यारं आली, जुनी खालच्या खालच्या हातांत उतरत गेली. लॉकच्या पट्टीची आतली बाजू आणि नळीची खालची बाजू तपासली तेव्हा हेही दिसलं की दोन्ही एका घरातले नाहीत. त्या काळी प्रत्येक भाग हाताने घासून दुसऱ्याशी जुळवायचे, म्हणून जुळवणारा कारागीर एका पिस्तुलाच्या सगळ्या भागांवर कानशीने सारख्याच खाचा मारून ठेवायचा, ढिगात मिसळू नयेत म्हणून. माझ्या लॉकवर तीन खाचा आणि एक फुली, नळीवर पाच खाचा. दोन जायबंदी पिस्तुलांतून एक धडधाकट उभं केलेलं. शिलेखान्याच्या कारकुनाच्या दृष्टीने ही शुद्ध काटकसर. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र खोट, कारण आमच्या जातीला ‘जुळत्या खाचा’ हव्या असतात.

त्या रात्री टेबलावर एकाच मोडीवर झालेल्या दोन दुरुस्त्या शेजारी शेजारी होत्या. एकाने पितळ कोरून बसवलं, कारण सकाळी ते पिस्तूल कुणाच्या तरी कमरेला लागणार होतं. दुसऱ्याने इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवला, कारण पुढच्या महिन्यात त्याचा फोटो निघणार होता. पहिल्याने आकडा टोचला, म्हणजे हिशोबात नोंद झाली. दुसऱ्याने पहिल्याच्या पट्टीची दिसणारी कडसुद्धा लुकणाने झाकली. जुनी दुरुस्ती ही त्याच्या लेखी खोटच होती.

चीड ओसरल्यावर मात्र मला त्या इपॉक्सीवाल्यापेक्षा आमच्या टोळीचाच जास्त राग आला. ‘मानेला जुनी पितळी दुरुस्ती’ असं कॅटलॉगमध्ये आलं असतं तर निम्म्या लोकांनी पान उलटलं असतं आणि उरलेल्यांनी भाव पाडला असता. आम्हाला लढाईतून आलेलं हत्यार हवं, पण लढाईत त्याला काही झालेलं नको. शंभर हातांतून गेलेलं हवं, पण कुणी हात लावलेला नको. ही मागणी पुरवायची तर विकणाऱ्याने लबाडीच करायला हवी. मागणी आमची, लबाडी त्याची, आणि संताप पुन्हा आमचाच. हाच बाजार उलटाही वागू शकतो. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून नेपाळी सैन्याचा प्रचंड जुना साठा अमेरिकेतल्या दोन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. पन्नास हजारांच्या वर बंदुका, कित्येक दशकांच्या धुळीत आणि सुकलेल्या चरबीत बुडालेल्या. त्यांतल्या कितीतरी न पुसताच विकायला ठेवल्या गेल्या, आणि लोकांनी त्या तशाच घेतल्या. धूळ हेच आकर्षण ठरलं, घरी नेऊन आपल्या हाताने पुसायची. म्हणजे घेणारा तयार असेल तर झाकायचं काही कारण उरत नाही.

लिलावगृहाला पत्र लिहिलं, फोटो जोडले. उत्तर सभ्य आलं. इथल्या २०१५ च्या ग्राहक कायद्यात सदोष माल तीस दिवसांत परत करायचा हक्क आहे, पण जिथे गिऱ्हाइकाला स्वतः हजर राहता येतं अशा जाहीर लिलावातल्या जुन्या वस्तूंना ते संरक्षण मिळत नाही. आपण घरी बसून बोली लावली तरी नियम तोच. अहवाल हे ‘मत’ असतं, हमी नव्हे. तरीही त्यांनी पुढच्या लिलावात ते बिनदलालीने पुन्हा विकून द्यायची तयारी दाखवली. मी विचारलं, कॅटलॉगमध्ये या वेळी काय लिहाल? त्याचं उत्तर आलं नाही, आणि मग मीही विषय वाढवला नाही. दुसऱ्या कुणाला तरी त्याच वाक्यांत गुंडाळून हे देण्यापेक्षा माझ्याकडेच बरं होतं. शिवाय ती पट्टी. ती मला आता कुणाला द्यायची नव्हती.

संवर्धनाचं काम करणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी मला माझा अ‍ॅसिटोनचा बोळा बाजूला ठेवायला सांगितला. इपॉक्सी अ‍ॅसिटोनने विरघळत नाही, फुगतं, आणि फुगताना शेजारचं लाकूड ढकलतं. त्यांनी गरम टोकाच्या सुरीने, भिंगाखाली, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे उचलले. सगळं निघणार नाही असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. खोल भेगेत शिरलेलं आता तिथेच राहणार. मोकळ्या झालेल्या जागेत त्या जनावराच्या कातड्याचा सरस घालणार आहेत, गरम पाण्याने पुन्हा सोडवता येईल असा. बोंडीपाशी नवं काही भरायचं नाही. खड्डे खड्ड्यांसारखे दिसू द्यायचे, क्षार धुऊन, वाळवून, वर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा हात. जे ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालं, तेच. त्यांचा एकच नियम आहे: पुढच्याला आपलं काम उलटवता आलं पाहिजे. पट्टीला हात लावायचा नाही यावर आमचं दोघांचं लगेच एकमत झालं. मी तर त्या पट्टीबद्दल एवढं बोललो की त्यांनी चहा मागवला.

दिवाळीच्या सुमारास बाबांशी व्हिडिओ कॉल चालला होता. गल्लीतले मिस्त्रीमामा फराळाला आले होते. मामांनी आयुष्यभर शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त केल्या, सरकारी परवान्यावर. आता डोळे गेलेत, पण एका डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या डोळ्याने ते सगळ्या जगाच्या चुका काढतात. मी पट्टीचे फोटो पाठवले. बाबांनी फोन त्यांच्या नाकाशी धरला. मी माझं सुरू केलं, कुण्या अनाम कारागिराची किती सुंदर कामगिरी वगैरे.

“पट्टी ऱ्हाऊ दे बाजूला,” मामा म्हणाले. “रिवेट बग. चारी एका रेघंत मारल्यात.”

“म्हणजे?”

“म्हंजे काय? लाकूड रेघेनं फाटतंय. एक हिकडं, एक तिकडं, असं मारायचं असतंय. कारागीर चांगला हाय, हात साफ हाय. पर घाईत हुता. नायतर मुकादम डोस्क्यावर हुबा असंल.” मग फोटो बोटांनी मोठा करायचा प्रयत्न, मग बाबांनी तो करून देणं, मग बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज. “ही तुझी मोठी भेग हितनंच सुटल्या बग. शेवटच्या रिवेटातनं. आधीची बारकी आसंल, ती पट्टीनं धरली. आन् पट्टीनंच दुसरी काडली.”

बाईंना तेव्हाच मेल केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंगाखालचा फोटो पाठवला. भेगेचं तोंड शेवटच्या रिवेटच्या छिद्रात होतं, अगदी मधोमध. पट्टीच्या खाली दुसरी, जुनी, बारीक भेग होती. ती काळी, मळाने भरलेली आणि जागची न हललेली. इपॉक्सीवाल्याने जी भेग झाकली ती या जुन्या मोडीची नव्हे, त्या रिवेटची होती.

आता तो रिवेट काढावा की ठेवावा यावर बाई आणि मामा यांच्यात माझ्यामार्फत चर्चा चालू आहे. बाईंचं म्हणणं, ताण तिथेच आहे तर तो सैल करावा. मामांचं म्हणणं, “काडू नगंस. काडलास तर तिसरीकडं फाटंल. बसलाय तवर बसू दे.” सध्या मामांचं पारडं जड आहे. बाईंनी त्यांना प्रश्नांची यादीच पाठवली आहे: पितळ गरम करून वाकवत असतील की थंडच, रिवेटसाठी तांब्याची तार कुठली वापरत. मी ती यादी मराठीत करून बाबांकडे पाठवतो, आणि उत्तरं अस्सल कोल्हापुरीत येतात ती बाईंसाठी इंग्रजीत करताना माझी तारांबळ उडते.

परवा सगळं झाल्यावर मामांनी विचारलं, “केवड्याला पडलं हे?”

मी आकडा सांगितला, खऱ्याच्या निम्मा. मामा काही बोलायच्या आत फोन धरलेल्या बाबांचा आवाज आला, “मला तर तू शंभर पौंड म्हणाला होतास.”